वैशाखात आखलेली बाग

बाग करायची हौस बहुतेकांना आषाढ-श्रावणात येते. पाऊस लागलेला असतो, नर्सरीत हिरवागार बाजार भरलेला असतो आणि उचलावं ते रोप तजेलदार दिसतं. डिकीत मावतील तेवढी रोपं घरी येतात, मोकळी दिसेल त्या जागी खड्डे घेतले जातात आणि दिवाळीपर्यंत सगळं छान चालतं. मग होळी होते. रोज संध्याकाळी तासभर नळी हातात धरावी लागते. एप्रिलच्या सुट्टीत चार दिवस गावाला जाऊन यावं, तर अर्धी बाग करपलेली. असे दोन उन्हाळे गेले की माणूस हात टेकतो आणि अंगणभर फरशी घालून घेतो. पुण्यातल्या, सांगलीतल्या, सोलापुरातल्या कितीतरी बंगल्यांभोवतीची फरशी अशीच आलेली आहे. ती पाहिली की मला फार वाईट वाटतं, कारण तिथे हौस कमी पडलेली नसते. आराखडा तेवढा चुकीच्या महिन्यात झालेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की बागेचा कागद वैशाखात काढावा. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, डोक्याला पंचा गुंडाळून त्या जागेत उभं राहावं. भिंत कुठे तापते, सावली कुठे टिकते, माती कुठे भेगाळली आहे, कुठे पायाखाली मुरूम लागतो, हे तेव्हा दिसतं तसं एरवी कधीच दिसत नाही. या दिवसात जी जागा जशी आहे, तशा जागेत आनंदाने राहील असंच झाड तिथे लावायचं. पावसाळ्यात सगळंच जगतं. त्याची काळजी करायला नको.

या प्रकरणात मी घाटमाथ्याच्या पूर्वेकडचा पठारी मुलूख धरून लिहिते आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने एखादा परतीचा पाऊस, एखादा वळीव, बाकी कोरडं. आपल्या बागेचं खरं वर्ष हे असं आहे. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथल्या पुस्तकांत हिवाळ्यात बाग कशी सजवावी याची मोठमोठी प्रकरणं असतात. आपल्याकडे हिवाळा हा बागेचा सुखाचा काळ. आपली परीक्षा मार्च ते मे.

आता सूर्याचं पाहू, कारण रोपं मरतात त्यातली निम्मी चुकीच्या बाजूला लावल्यामुळे मरतात, असा माझा अनुभव आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. दुमजली घर 7 मीटर उंच धरलं, तर त्याची सावली उत्तरेला सव्वासहा मीटरपर्यंत पडते. म्हणजे उत्तरेकडचं अंगण हिवाळाभर सावलीत. पण मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. मग तेच थंडगार अंगण उन्हात येतं. शेवंतीला हिवाळ्यात ऊन लागतं, म्हणून ती दक्षिणेला. अबोलीला अर्धी सावली चालते, ती पूर्वेला, सकाळच्या कोवळ्या उन्हात. पश्चिमेची भिंत मात्र सगळ्यांत कठीण. एप्रिल-मेच्या दुपारी ती तव्यासारखी तापते आणि रात्री नऊपर्यंत गरम राहते. तिथे नाजूक काही लावू नये.

बागेतलं काम कशाने वाढतं? माझ्या मते चार गोष्टींनी: लॉन, कातरून ठेवलेलं कुंपण, कुंड्या, आणि जागेपेक्षा मोठं होणारं झाड. लॉनचा हिशेब करून पाहावा. 300 चौरस फूट म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. कडक उन्हात रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तर दिवसाला 140 लिटर. फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांचे जवळजवळ 17 हजार लिटर होतात. ज्या शहरात उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर उभे असतात, तिथे हे पाणी गवतावर घालायला मन धजावत नाही. मुलांना लोळायला हिरवळ हवीच असेल तर साधी हराळी राखावी. ती मेमध्ये पिवळी पडेल, पडू द्यावी. मृगाच्या दोन सरी झाल्या की आठवड्यात ती पुन्हा हिरवी होते.

सोनेरी ड्युरांटाचं कुंपण दिसायला नेटकं खरं, पण त्याला पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कात्री लावावी लागते. हा खर्च कोणी आधी मोजत नाही. चौथी गोष्ट याहून महागाची. नर्सरीतल्या पिशवीत सगळीच रोपं दोन फुटांची असतात, आणि फायकसचं ते गोंडस रोप दहा वर्षांनी कंपाउंडची भिंत उचलून टाकेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. मग दरवर्षी छाटणी, दरवर्षी माणूस बोलवा, दरवर्षी फांद्या टाकायच्या कुठे हा प्रश्न. रोप विकत घेताना एकच विचारावं: हे पुरतं वाढल्यावर केवढं होतं? तेवढी जागा असेल तर घ्यावं. पुढे त्याला त्याच्या मनासारखं वाढू द्यावं आणि कात्री घरात ठेवावी.

कुंडीबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं, कारण पुष्कळांकडे कुंडीशिवाय दुसरी जागाच नसते. जमिनीतलं मूळ पाणी शोधत खाली जातं, कुंडीतल्या मुळाला तो मार्ग बंद असतो. त्यामुळे कुंडी म्हणजे उन्हाळ्यात रोजचं बंधन. अंगण आहे त्यांनी दारापाशी तीन-चारच कुंड्या ठेवाव्यात. फ्लॅटच्या बाल्कनीत राहणाऱ्यांनी वीस लहान कुंड्यांऐवजी चार मोठे ड्रम घ्यावेत आणि त्यांत कोरफड, अडेनियम, पानांनी वाढणारं ब्रह्मकमळ अशी पाणी साठवणारी मंडळी बसवावीत. माती जितकी जास्त, तितकी ओल जास्त दिवस टिकते.

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडती गोष्ट. आपल्या पठारावरची आणि सह्याद्रीच्या उतारांवरची रानझाडं कधी फुलतात ते आठवून पाहा. पळस, पांगारा आणि काटेसावर माघ-फाल्गुनात, पानं गळून गेल्यावर. बहावा चैत्र-वैशाखात. कुडा त्याच सुमारास. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, तेही उन्हाळ्यातच. जमिनीत ओलावा सगळ्यांत कमी, ऊन सगळ्यांत जास्त, आणि नेमक्या त्या वेळी ही झाडं पेटल्यासारखी फुलतात. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, पाखरं आणि मधमाश्या थेट येतात. मुळं खोल गेलेली असल्यामुळे वरच्या कोरड्या थराशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. पुढे पावसाच्या तोंडाशी किंवा ऐन पावसात बी रुजतं. ही व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर हजारो वर्षं चाललेली आहे, आणि बाग करताना मात्र आपण उन्हाळा म्हणजे फुलांचा दुष्काळ असं धरून चालतो. दुष्काळ येतो तो सतत पाणी मागणारी झाडं लावल्यामुळे.

म्हणजे बारा महिन्यांची शोभा एकाच झाडाकडून मागायची नाही. प्रत्येकाला आपापला महिना द्यायचा आणि उरलेल्या वेळात त्याला विसावा घेऊ द्यायचा. निष्पर्ण चाफा डिसेंबरात पाहिला आहे का? जाड, राखी, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, मागे पांढरी भिंत आणि तिरपं ऊन. हे चित्र मला फुललेल्या चाफ्याइतकंच आवडतं. चाफा मुळचा आपला नाही, अमेरिकेच्या उष्ण भागातला, पण देवळांच्या आवारात तो इतका रुळला की त्याला देवचाफा हे नाव मिळालं. लावायला याच्याइतकं सोपं झाड नाही. हातभर फांदी कापायची, आठवडाभर सावलीत टाकून कापलेली बाजू सुकू द्यायची आणि मग मातीत खोचायची. ओली फांदी लावली तर कुजते, एवढंच लक्षात ठेवायचं.

एक गुंठा मोकळी जागा धरू. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, घराच्या पश्चिमेला. मी ती अशी भरेन: घरापासून बारा-पंधरा फुटांवर एक बकुळ, कारण ती सदाहरित आहे, सावकाश वाढते आणि तिसऱ्या प्रहरी घराच्या भिंतीवर सावली धरते. लांबच्या नैऋत्य कोपऱ्यात बहावा. बियांपासून केलेला बहावा फुलायला पाच-सात वर्षं घेतो, तेवढा धीर धरावा. कुंपणाला करवंद आणि अडुळसा, एकाआड एक. करवंदाच्या काट्यांनी जनावरं आत येत नाहीत, अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, दोन्ही बारमाही हिरवी, आणि दोघांनाही कात्री नको. एप्रिल-मेमध्ये पोरांना करवंदं मिळतील. झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी पारिजातक. फाटकाशी चाफा. मधल्या भागात तगर, कारण ती वर्षभर थोडी थोडी फुलत राहते, आणि पुढे कोरांटीचे ताटवे, पिवळे आणि जांभळे. एखादी धायटी मिळाली तर अवश्य लावावी. डोंगरउतारांवर आपोआप वाढणारं हे झुडूप फाल्गुनात लाल फुलांनी भरतं आणि शिंजीर दिवसभर त्यावर असतात. नर्सरीत ती सहसा दिसत नाही, मागून घ्यावी लागते. सीताफळाचं एक झाड, कारण पुरंदर आणि बीडच्या खडकाळ माळावर जे पावसाच्या पाण्यावर फळतं, ते आपल्या अंगणात काय कुरकुर करणार.

फुलांचा क्रम मग असा लागतो. फाल्गुनात धायटी आणि करवंदाची पांढरी फुलं, चैत्र-वैशाखात बहावा, बकुळ, चाफा आणि मोगरा, पावसाळ्यात कंद आणि आपोआप उगवणारी रोपं, श्रावणापासून दिवाळीपर्यंत पारिजातक, थंडीत कोरांटी, कुंद आणि अडुळसा. बोगनवेल हवी असेल तर ती भिंतीच्या सर्वांत कोरड्या, तापलेल्या भागाला. तिला पाणी जास्त झालं की ती पानांतच रमते. पाणी तोडलं की फुलते. आपण ज्यांना फुलं म्हणतो ते तिचे रंगीत कागदी तुकडे खरं तर पानांचेच बदललेले प्रकार आहेत, खरं फूल आत, लहान, पांढुरकं. म्हणूनच हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

मोगऱ्याला मात्र मी सूट देते. त्याला जानेवारीत छाटावं लागतं, पुढे खत आणि पाणी द्यावं लागतं. कमी कामाची बाग म्हणजे बिनकामाची बाग नव्हे, आपल्याला आवडणाऱ्या एक-दोन कामांसाठी हात मोकळे राहावेत म्हणून बाकीचं कमी करायचं.

कंदांवर मला थोडं थांबायचं आहे. कोरड्या मुलखात कंदासारखी शहाणी वनस्पती नाही. कठीण महिने ती जमिनीखाली झोपून काढते, ना पाणी मागते, ना लक्ष. भुईचाफा घ्या. एप्रिल-मेमध्ये, वर पानाचा मागमूस नसताना, तापलेल्या मातीतून थेट फूल बाहेर येतं, पांढरं आणि जांभळं, जमिनीला टेकलेलं आणि सुगंधी. पानं मागाहून पावसात येतात. त्याच्या पाठोपाठ मे फ्लॉवर, आफ्रिकेहून आलेला, लाल तंतूंचा चेंडू दांड्यावर धरून उभा. पहिला जोराचा पाऊस झाला की पावसाळी लिली एका रात्रीत गुलाबी वाफा करून टाकते. गुलबक्षीचे कंद एकदा जमिनीत गेले की दरवर्षी आपले आपण फुटतात, संध्याकाळी चारच्या पुढे उमलतात. कळलावी कुंपणावर चढते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास आगीच्या ज्वाळांसारखी फुलते. तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद विशेष, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरी ती लावू नये. हीच सूचना कण्हेरीलाही. नागदवणा तेवढा या मंडळींत न झोपणारा, वर्षभर हिरवा. कंदांच्या मध्ये तेरड्याचं बी एकदा टाकलं की पुढच्या वर्षी पेरावं लागत नाही.

हे सगळे कंद मी बहाव्याखाली लावते. बहावा पानं गाळतो ती त्यांच्यावरच पडतात आणि त्यांचं पांघरूण होतं.

पाचोळा ही बागेची कमाई आहे. तो गोळा करून काडी लावणं हे मला बघवत नाही. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच जाडीचा पाचोळा किंवा उसाचं पाचट पसरलं की ऊन मातीपर्यंत पोचत नाही, पाणी देण्याच्या फेऱ्या कमी होतात, तण दबतं आणि खालचा थर हळूहळू खत होतो. खोडाला मात्र तो टेकवू नये, चार बोटं जागा सोडावी. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून कित्येक शेतकऱ्यांना आणि घरगुती बागा करणाऱ्यांना हेच शिकवलं, की पानांनी पकडलेलं ऊन मातीत परत गेलं पाहिजे.

पाण्याचं नियोजन आपल्या जुन्या परसात होतंच. न्हाणीचं पाणी जिथे वाहायचं तिथे केळ, अळू, कर्दळ, हळद. त्याच्या पुढे कढीपत्ता आणि लिंबू. अगदी लांब, जिथे घागर नेऊन ओतायची नाही तिथे शेवगा आणि सीताफळ. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने 1981 साली कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरीस्केप’ हा शब्द काढला, आणि सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावावीत हा त्या पद्धतीतला एक मुख्य नियम. आपल्या आज्यांनी तो मोरीच्या उतारावरून ठरवला होता. आजही नवं घर बांधताना न्हाणीघराचं पाणी बागेकडे वळवता येतं. आणि छताचं गणित तर थक्क करणारं आहे. 1000 चौरस फूट गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला 65 हजार लिटर पाणी. ते गटारात सोडण्याऐवजी झाडांच्या मुळाशी मुरवलं, तर पहिल्या उन्हाळ्याचा बराच भार हलका होतो. यासाठी पायवाट सिमेंटची न करता शहाबादी फरशीचे तुकडे मातीत बसवून करावी, मधल्या फटींतून पाणी जिरतं.

पहिले दोन उन्हाळे मात्र झाडांना पाणी द्यावंच लागतं, त्यात सूट नाही. मृग लागताच रोपं लावली की चार महिने मुळं खोल जायला मिळतात. नंतर पाणी द्यायचं ते क्वचित आणि भरपूर. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरच्यावर राहायची सवय लावतं, आणि अशी मुळं उन्हाळ्यात सर्वांत आधी मरतात. बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवलं की पाणी पाझरत राहतं. दोन रोपांमध्ये एक मडकं, आठवड्यातून दोनदा भरायचं. गावाला जायची चिंता संपते. तिसऱ्या उन्हाळ्यात बहावा, करवंद, सीताफळ यांना हात लावायची गरज पडत नाही.

दोन इशारे देते. निगा न लागणारं प्रत्येक झाड चांगलं नसतं. घाणेरीला पाणी नको, खत नको, ती फुलतेही बारमाही, पण पाखरं तिच्या बिया रानात नेतात आणि तिने आपली कितीतरी डोंगरउतारांची जागा व्यापली आहे. पिवळ्या फुलांचा वेडेलिया जमीन झाकायला म्हणून लावतात, तो दोन वर्षांत सगळ्यांना गिळतो. दुसरं, लिंबावर किंवा कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की लगेच फवारणीचा पंप काढू नये. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आठ-दहा पानं कुरतडलेली दिसतात, मग एका सकाळी हाताच्या पंज्याएवढी काळी-निळी जोडी अंगणात उडते. पिठ्या ढेकूण असेल तर फांदी पाण्याच्या धारेने धुवावी, बहुधा तेवढं पुरतं.

कोकणातल्या वाचकांनी हा आराखडा जसाच्या तसा उचलू नये. तिथे पाऊस तिपटी-चौपटीने जास्त आणि जमीन जांभ्याची. पाणी साचू न देणं हे तिथलं मुख्य काम, आणि बकुळ, सुरंगी, अनंत, अबोली, सोनटक्का ही तिथली मंडळी. नागपूरकडच्यांनी कोवळ्या रोपांना दोन उन्हाळे पश्चिमेची आड करावी. वैशाखात उभं राहून कागद काढायचा हे मात्र सगळीकडे सारखंच.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट हवी, ती मी एका चुकीतून शिकले. एका एप्रिलमध्ये बहाव्याखालची जागा रिकामी दिसली म्हणून मी तिथे कुदळ घातली. चौथ्या घावाला पांढरं काहीतरी उडालं. तो भुईचाफ्याचा कंद होता, कोंबासकट. तेव्हापासून जिथे जिथे काही झोपलेलं आहे, तिथे मी नदीतला एक गुळगुळीत गोटा ठेवते. बहाव्याखाली आता असे सतरा गोटे आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी त्यांच्यामधून चालताना पाऊल जपून टाकावं लागतं.